गोष्ट कोण सांगतो?



कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो वेतनावर बोलेल, कायद्यावर बोलेल, संपावर बोलेल अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. मी मात्र आज कथेच्या परिभाषेवर बोलणार आहे. कथा, आख्यान, कादंबरी, कथानक, निवेदक, रूपक हे शब्द आपल्याकडे कसे आले, कोणाच्या हातून घडले आणि आपल्या रोजच्या व्यवहाराशी त्यांचा संबंध काय, हा माझा विषय आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही वाचन झाले ते वस्तीतल्या सार्वजनिक वाचनालयात, रात्रपाळीला जाण्याआधीच्या दोन तासांत. तेव्हा पंडितांच्या सभेत शोभेल असे विवेचन माझ्याकडून होणार नाही. माझ्या कामाला हे शब्द कसे उपयोगी पडले, तेवढे मात्र मी सांगू शकेन.

वाचनालयात पहिल्या दिवशी गेलो तेव्हा तेथल्या वृद्ध ग्रंथपालांनी विचारले, "काय देऊ? कथा की कादंबरी?" मला फरक ठाऊक नव्हता. कबूल करायची लाज वाटली. मी म्हणालो, "जाड असेल ते द्या." ते हसले आणि त्यांनी कादंबरी दिली. पुष्कळ वर्षांनी मला कळले की, आपण ज्या शब्दाने एका वाङ्मयप्रकाराला ओळखतो तो शब्द मुळात एका मुलीचे नाव आहे. त्या मुलीकडे आपण येणारच आहोत. पण त्याआधी मी आपल्याला एका कारखान्यात नेणार आहे.

काही वर्षांपूर्वीची हकीकत. कारखाना म्हणायचा एवढेच. सात-आठ माणसांची पत्र्याची शेड ती. राज्य विमा योजना तेथे लागू नव्हती. पॉवर प्रेसवर पत्र्याचे तुकडे कापले जात. एका दुपारी पंचविशीतल्या एका कामगाराच्या उजव्या हाताची तीन बोटे प्रेसखाली गेली. दुसऱ्या दिवशी अहवाल तयार झाला. त्यात तीन वाक्ये होती. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कामगाराचा हात यंत्राखाली गेला. त्या वेळी सेफ्टी गार्ड काढलेला होता. कामगार अनुभवी असून त्याला सुरक्षेच्या सूचना देण्यात आल्या होत्या.

या तिन्ही वाक्यांत एकही धडधडीत खोटे विधान नव्हते. हात तीन वाजून दहा मिनिटांनीच गेला होता, गार्ड नव्हता आणि मुलगा चार वर्षे प्रेसवर होता. परंतु त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात एक अट होती. कामगाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकले आणि त्यामुळे इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व वगळता मालकावर भरपाईची जबाबदारी राहत नसे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची तीन बोटे जाणे म्हणजे कमावण्याच्या शक्तीचा तीस टक्के ऱ्हास असे लिहिलेले होते. आता ते दुसरे वाक्य पुन्हा पाहा. गार्ड काढलेला होता. कोणी काढला? या वाक्यात कर्ता नाही. त्या मुलाचे तीस टक्के त्या नसलेल्या कर्त्यावर टांगलेले होते.

मी त्याला भेटलो. "काय झालं ते सांग," म्हणालो. तो म्हणाला, "काय सांगू भाऊ? हात गेला. माझंच चुकलं." म्हणजे तोसुद्धा आपली गोष्ट तीन वाजून दहा मिनिटांनीच सुरू करत होता! मालकाच्या अहवालातली गोष्ट त्याने स्वतःची म्हणून स्वीकारली होती. कायद्याचे पुस्तक माझ्या पिशवीत होते, पण या जागी ते उपयोगी नव्हते. उपयोगी पडली ती वाचनालयात शिकलेली एक साधी गोष्ट : प्रत्येक कथेला आरंभ असतो, आणि तो आरंभ कोणीतरी निवडलेला असतो. प्रत्येक कथेला निवेदक असतो, तो स्वतःचे नाव सांगो वा न सांगो. मी त्याला म्हणालो, "आजपासून नको. मागच्या सोमवारपासून सांग." पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. तूर्त एवढेच म्हणतो की, कथेची परिभाषा हा रिकामटेकड्यांचा विषय नव्हे याची खात्री मला त्या दिवशी पटली.

आता इतिहासाकडे वळू.

गोष्ट कोणी सांगावी हा प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास संस्कृत साहित्यशास्त्रात त्यावर चांगलाच वाद झाला. भामह नावाच्या आचार्याने गद्य कथनाचे दोन प्रकार केले. नायक स्वतःचा वृत्तांत स्वतः सांगतो ती आख्यायिका. दुसऱ्याच कोणी सांगितलेली ती कथा. कथेत नायकाने स्वतः का बोलू नये? तर कुलीन मनुष्य आपल्या तोंडाने आपले गुण कसे सांगेल, असे भामहाचे म्हणणे. दंडी या दुसऱ्या आचार्याने हा भेद मोडीत काढला. हे दोन प्रकार नव्हेत, एकाच जातीची ही दोन नावे आहेत, असे तो म्हणतो. आणि पुढे फार महत्त्वाची गोष्ट सांगतो : जे घडले तेच जो सांगतो, त्याने स्वतःविषयी सांगितले तरी त्यात दोष नाही.

मित्रहो, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. स्वतःबद्दल बोलणे हे वाईट, ही समजूत आमच्या वस्त्यांत किती खोल रुजलेली आहे हे मला ठाऊक आहे. सभेत उठून दुसऱ्याच्या अन्यायावर तासभर बोलणारा कार्यकर्ता स्वतःच्या अपघातावर दोन वाक्ये बोलू शकत नाही. त्याला ते अशिष्ट वाटते. भामहाचा कुलीन मनुष्य आणि आमचा प्रेसवरचा कामगार यांच्यात हा एक संकोच समान आहे. पण फरकही आहे. कुलीन माणसाची गोष्ट सांगायला दुसरे पुष्कळ लोक असतात. कामगार गप्प राहिला, तर त्याची गोष्ट त्याच्या विरोधातला माणूस सांगतो.

त्याच काळातला बाणभट्ट हा सम्राट हर्षाच्या आश्रयाचा लेखक. त्याच्या 'हर्षचरिता'ला आख्यायिका म्हणतात आणि 'कादंबरी'ला कथा. कादंबरी ही त्या कथेतील नायिका. बाणाच्या हातून ग्रंथ अपुरा राहिला. तो त्याच्या मुलाने पुरा केला. या ग्रंथाची रचना मोठी नवलाची आहे. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पोपट घेऊन येते. आपण आल्याचे कळावे म्हणून ती हातातली वेळूची काठी फरशीवर आपटते. मग पोपट बोलू लागतो. तो आपली हकीकत सांगतो, त्या हकीकतीत जाबाली ऋषी एक कथा सांगतात, त्या कथेत महाश्वेता आपली कहाणी सांगते. एका पेटीत दुसरी, दुसरीत तिसरी. कथेच्या पोटातली कथा, निवेदकाच्या आत निवेदक, या युक्तीचे आपल्याकडील हे एक ठळक उदाहरण.

साहित्याचे अभ्यासक या युक्तीचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या काठीचा आवाज ऐकू येतो. दरबारात गोष्ट आणते ती चांडाळकन्या, पण गोष्ट सांगतो तो पोपट. ती स्वतः केव्हा बोलते? ग्रंथाच्या अखेरीस, ती वस्तुतः चांडाळी नसून लक्ष्मी आहे असे उघड होते तेव्हा. आजच्या फूटपट्टीने बाणाला दोष द्यावा असा माझा हेतू नाही. पण निवेदक हा शब्द एकदा हाती आला म्हणजे असे प्रश्न विचारता येतात. आणि गंमत पाहा. एकोणिसाव्या शतकात मराठीला लांब गद्य कथेसाठी शब्द हवा होता तेव्हा बंगालीने आणि हिंदीने उपन्यास म्हटले, गुजरातीने नवलकथा म्हटले, मराठीने आणि कानडीने मात्र या मुलीचेच नाव घेतले. एका ग्रंथाचे नाव सगळ्या जातीचे झाले.

कथा कोणत्या भाषेत सांगावी, हाही प्रश्न जुनाच. आपल्या पैठणशी म्हणजे प्रतिष्ठानशी जोडलेली गुणाढ्याची आख्यायिका सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त सांगितली आहे. सातवाहन राजाला संस्कृत येत नव्हते आणि राणीपुढे त्याची फजिती झाली. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत शिकवीन. दुसरा पंडित म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली की, हे घडले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडीन. तो पैज हरला आणि मग पैशाची भाषेत त्याने आपल्या रक्ताने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती भाषा पाहून तुच्छतेने परत पाठवली. गुणाढ्य रानात गेला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि अग्नीत टाकू लागला. ऐकता ऐकता जनावरे चरायची विसरली. राजाच्या ताटात वाळके मांस येऊ लागले, राजा आजारी पडला, तेव्हा कोठे चौकशी झाली. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. एक लाख उरले. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण तिच्यातला राजा आम्हाला ओळखीचा आहे. स्वतःच्या ताटापर्यंत बाब आल्याशिवाय त्याने चौकशी केली नाही.

मराठी गद्याच्या आरंभी मात्र वेगळेच दृश्य दिसते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे तो गेला, त्यांना विचारले, जमवले, आणि रिद्धपुरास नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली त्या पारखून घेतल्या. आठवणी सांगणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. प्रत्यक्षदर्शी माणसाला विचारून लिहिणे ही रीत मराठीत सातशे वर्षांपूर्वीची आहे, हे चौकशी अहवाल लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बखर हा शब्द अरबी खबर या शब्दावरून आला असे सामान्यतः मानतात. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवचरित्राची बखर लिहिली ती इ. स. १६९७ च्या सुमारास, जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. म्हणजे बखरीत एक नवी गोष्ट आली : सांगणाऱ्याला सांगायला लावणारा धनी. त्यामुळे बखर खोटी ठरत नाही. पण कोणाच्या आज्ञेवरून लिहिले हे पाहून वाचावे लागते. वृत्तपत्र वाचतानाही हा नियम चालतो.

हे झाले लिहिणाऱ्यांचे. पण आपल्या बहुसंख्य माणसांनी कथा डोळ्यांनी नव्हे, कानांनी घेतली. त्यामुळे कथेची खरी जिवंत परिभाषा मराठीत कीर्तनाच्या आणि तमाशाच्या बैठकीत तयार झाली. नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग आणि उत्तररंग घ्या. पूर्वरंगात विचार मांडायचा, उत्तररंगात आख्यान लावून तो पटवायचा. जगातल्या कोणत्याही सभेच्या वक्त्याला ही घडण पुरते. मला तर आजवर पुरली आहे. गाडगे महाराज १९५६ साली निवर्तले. त्यांनी ही घडणही बाजूला ठेवली आणि श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून उत्तरे काढली. ऐकणारा तेथे पात्र झाला.

एकनाथांची भारुडे म्हणजे रूपकाची शाळा. सोळाव्या शतकातल्या या ब्राह्मण संताने जोशी, गोंधळी, वासुदेव, महार अशी एकेक सोंगे घेऊन त्यांच्या तोंडून बोलून दाखवले. विंचू चावला म्हणायचे आणि काम-क्रोध सांगायचे. एक दाखवून दुसरे सुचवणे हे रूपक. हे हत्यार दुधारी आहे, एवढे मात्र मला सांगितले पाहिजे. बोनस मागायला गेले की "ही कंपनी म्हणजे आपले कुटुंब आहे" हे वाक्य मी कितीदा ऐकले असेल! तेही रूपकच. रूपक ओळखायची सवय असली म्हणजे माणूस शांतपणे विचारतो, "ठीक आहे, मग कुटुंबाच्या हिशेबाची वही आम्हालाही दाखवा." ज्याला ते रूपक आहे हेच कळत नाही तो भारावून परत येतो.

तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असे भाग. गणात गणेशाचे स्तवन, गौळणीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी, बतावणीत सोंगाड्याची थट्टा, आणि वगात मुख्य कथानक. वगाचे संवाद पूर्वी लिहिलेले नसत. कथानकाचा सांगाडा ठरलेला असे आणि नट त्यावर त्या त्या गावाप्रमाणे मांस चढवीत. उपरोध म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायला मला वर्ष लागले असते. सोंगाड्या राजापुढे वाकून मुजरा करतो आणि प्रेक्षकांकडे पाहून डोळा मारतो, तेव्हा ते एका क्षणात कळते.

एकोणिसावे शतक हे छापखान्याचे शतक. सांगणारा आणि ऐकणारा यांची ताटातूट झाली. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एका कुणबी जोडप्याला जोशी कसा नाडतो याची ही कथा. तिच्यात त्यांनी विदूषक ठेवला, आणि तो घडणाऱ्या प्रसंगावर मधूनमधून बोलतो, लपवलेला कर्ता दाखवून देतो. संस्कृत नाटकातला खादाड विदूषक येथे जनतेचा निवेदक झाला. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले आणि ते छापून लोकांपुढे आले १९७९ साली, सव्वाशे वर्षांनी. गुणाढ्याची आठवण होते ती येथे.

१८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात, आणि तिचा विषय विधवांचे दुःख हा होता. त्यानंतर १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा काळ सुरू झाला. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विचारले की, पुस्तकांत आणि नाटकांत बाईला असे रंगवता ते कोणत्या न्यायाने? पात्र हा शब्द त्यांनी व्याख्या करून सांगितला नसेल, पण पात्र घडवणाऱ्याचा हात मात्र त्यांनी नेमका पकडला. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' या साप्ताहिकातून १८९० पासून 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिली, ती यमूच्या तोंडून. प्रथमपुरुषी निवेदन! 'मी' म्हणणारी मुलगी घराघरांत गेली. लिहिणारा पुरुष होता हे खरे; तरीही पोपटापेक्षा ते पाऊल पुष्कळ पुढचे होते.

याच सुमारास, साहित्याच्या इतिहासात ज्याची नोंद होत नाही असा एक मजकूर मुंबईत तयार झाला. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेले 'दीनबंधू' पत्र १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे मुंबईतून चालवीत होते. १८८४ साली फॅक्टरी कमिशनपुढे मांडण्यासाठी त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याला रविवारची सुटी द्यावी, दुपारी अर्धा तास विश्रांती द्यावी, पगार ठरल्या तारखेच्या आत द्यावा, कामावर जखम झाली तर बरे होईपर्यंत पगार द्यावा आणि जन्माचे अपंगत्व आले तर निर्वाहाची सोय करावी, अशा मागण्या त्यात होत्या. रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी.

येथे मी आपले लक्ष एका शब्दाकडे वेधतो. निवेदन. साहित्याच्या वर्गात निवेदन म्हणजे कथा सांगण्याची रीत. आमच्या युनियनच्या कचेरीत निवेदन म्हणजे साहेबाच्या टेबलावर ठेवायचा मागण्यांचा कागद. मी कित्येक वर्षे हे दोन वेगळे शब्द समजत होतो. उच्चार एक एवढेच. ते दोन नाहीत. निवेदन म्हणजे जाणवून देणे, कळवणे. ज्याला कळलेले नाही किंवा ज्याला कळून घ्यायचे नाही, त्याच्यापुढे घडलेले मांडणे. साडेपाच हजार माणसांनी सही करून 'आम्ही' असे म्हटले, तो मराठी कामगाराच्या प्रथमपुरुषी निवेदनाचा एक मोठा प्रसंग होय, असे मला नम्रपणे वाटते.

विसाव्या शतकाचे थोडक्यात सांगतो. मामा वरेरकरांनी १९३३ साली 'धावता धोटा' लिहून गिरणी कामगाराला कादंबरीत जागा दिली. त्याच दशकात कला कलेसाठी की जीवनासाठी हा वाद रंगला आणि कथेच्या तंत्राची पुष्कळ चर्चा झाली; ना. सी. फडक्यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ चे. तंत्राची चर्चा फुकट गेली असे मी म्हणणार नाही. गुंतागुंत, कळस, उकल हे शब्द सभेचे भाषण रचतानासुद्धा उपयोगी पडतात. पण तंत्राला वळण दिले ते खालून आलेल्या माणसांनी. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात प्रबोधन भरले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंनी गण ठेवला, पण त्यात वंदन केले ते मायभूमीला, हुतात्म्यांना आणि श्रमणाऱ्यांना; गौळणीला फाटा दिला. प्रकार तोच, पण आरंभ बदलला. ज्या माणसाला शाळा जवळजवळ मिळालीच नाही, त्याने आरंभाचे महत्त्व असे ओळखले होते.

त्यानंतर १९६३ साली बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. शीर्षकातला तो 'मी' पाहा. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं', १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचे 'उपरा'. या पुस्तकांसाठी आत्मचरित्र हा जुना शब्द अपुरा वाटू लागला आणि आत्मकथन हा शब्द रूढ झाला. का? आत्मचरित्र हे थोरांनी आयुष्याच्या संध्याकाळी लिहायचे, अशी समजूत होती. आत्मकथन ही साक्ष आहे. तिशी-चाळिशीतला माणूसही ती देऊ शकतो, आणि त्याच्या 'मी'मध्ये सगळी वस्ती बोलते. दंडीने दिलेला परवाना असा बाराशे वर्षांनी वापरात आला : घडले तेच सांगणाऱ्याने स्वतःचे सांगितले तर दोष नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो संप रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. कथेच्या भाषेत सांगायचे तर त्याला उकल नाही. मी तेव्हा शाळकरी वयाचा होतो. संपाची गोष्ट पुढे अनेकांनी सांगितली, आणि पुष्कळदा ती एका पुढाऱ्याची गोष्ट म्हणून सांगितली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी मात्र गिरणगावातल्या माणसांकडे जाऊन, त्यांना बोलते करून त्यांच्याच तोंडची कहाणी जमवली आणि ते पुस्तक २००४ साली निघाले. जयंत पवारांचे 'अधांतर' नाटक १९९७ साली आले, तेही संपानंतरच्या एका घराचे. रिद्धपुराची रीत गिरणगावात पोचली म्हणा ना.

आता त्या पत्र्याच्या शेडमध्ये परत जाऊ.

मागच्या सोमवारपासून सांग, म्हटल्यावर तो मुलगा आधी गोंधळला. मग हळूहळू सांगू लागला. सोमवारी डाय बदलली. नवा तुकडा मोठा होता, जुना गार्ड त्याला बसेना. फोरमनने गार्ड काढून कोपऱ्यात ठेवला आणि नवा येईपर्यंत असेच चालवा म्हणून सांगितले. नवा आला नाही. शुक्रवारी रोजची नगसंख्या वाढवली. अपघात झाला तो पुढच्या मंगळवारी. म्हणजे गोष्ट आठ दिवस आधी सुरू झाली होती, आणि त्या निनावी क्रियापदाला कर्ता होता.

आम्ही निवेदन तयार केले. त्यात 'मी' हा शब्द लिहायला तो तयार होईना. "कामगार असं लिहा," म्हणाला. मी म्हणालो, "हात तुझा आहे, 'मी' लिही." डाव्या हाताने त्याने सही शिकून घेतली होती. बरोबरच्या दोघांची साक्ष हवी होती. एक लगेच आला. दुसऱ्याच्या घरी मला तीनदा जावे लागले, कारण त्याला नोकरीची भीती होती आणि ती खोटी नव्हती. अखेर तोही आला आणि एकच वाक्य बोलला : गार्ड फोरमनने काढला, मी पाहिले. सुनावणीत त्या वाक्याने काम केले. भरपाई मंजूर झाली. बोटे काही परत आली नाहीत, आणि तो आता प्रेसवर नाही. एका दुकानात मापाडी आहे. पण त्याची गोष्ट कागदावर त्याच्या नावाने आहे.

तेव्हा मित्रहो, माझे सांगणे एवढेच की, या शब्दांना परीक्षेच्या वहीत कोंडून ठेवू नका. कोणतीही हकीकत कानावर आली, अहवाल वाचला, बातमी पाहिली, पुढाऱ्याचे भाषण ऐकले, अगदी माझे हे भाषण ऐकले, तरी चार प्रश्न विचारा. आरंभ कोठून केला? सांगतो कोण? कोणाच्या आज्ञेवरून सांगतो? आणि ज्याच्यावर हे गुदरले तो माणूस या गोष्टीत बोलतो आहे, की त्याच्या वतीने पोपट बोलतो आहे?

आमच्या वाचनालयात आता येणारी मुले थोडी आहेत. संध्याकाळी मी तेथे बसतो. एखादा मुलगा येतो, कपाटापुढे घुटमळतो. मी त्याला कथा हवी की कादंबरी असे विचारत नाही. मी विचारतो, "आज कामावर काय झालं?" त्याने सांगायला सुरुवात केली म्हणजे पुस्तक कोणते द्यायचे ते मला समजते.